चाचांची गुळणी

भर बाजारात माणूस आडवा पडलेला दिसला की लोक धावतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडावर पाणी मारतं. आमच्या चाचांसाठी सोलापुरात कुणी धावायचं नाही. टांगेवाला लगाम खेचून घोडं बाजूनं काढायचा आणि वरनं म्हणायचा, "चाचा, जरा कडेला रागवा की! घोडं बिचकतंय."

चाचा पडल्या पडल्या एक बोट वर करायचे. म्हणजे थांब, अजून उतरला नाही.

हे चाचा नात्यानं माझे कुणी नव्हेत. आमचे घरमालक. इंग्रजांच्या वेळची गोष्ट आहे, मी नुकतं लग्न करून त्यांच्या घराच्या एका खणात राहायला गेलो होतो. गिरणीतही त्यांच्याच हाताखाली साच्यावर लागलो. साचा म्हणजे गिरणीतला माग. चाचा तिथं जॉबर, म्हणजे साचेवाल्यांवरचे मुकादम, होते.

मी दुसरीपर्यंत शिकलो, ते मराठी शाळेत. घरात आमची बोली दखनी, पण अक्षरं मराठीच येतात, म्हणून असं लिहितोय. आणि लिहितोय ते नुसतं बसवत नाही म्हणून. बायको गेली, तिचा चाळिसावा झाला. लोक येतात, चहा पितात, म्हणतात सबर करा. सबर काय बाजारात मिळतो? मी दारापासून मोरीपर्यंत जातो आणि मोरीपासून दारापर्यंत येतो. परवा सुनेवर असा ओरडलो की गल्ली गोळा झाली. तिनं सासूचे कपडे फकिराला देऊन टाकले होते. द्यायचेच असतात, रीत आहे. तरी ओरडलो. पोरगा होटगीला रेल्वेत आहे, त्याला तिथं क्वार्टर मिळतंय. तो म्हणाला, "अब्बा, रोज असंच चालणार असंल तर आमी दोघं होटगीला जातो. तुमी बसा हितं भिंतींवर ओरडत."

तेव्हापासून चाचा डोक्यातनं जात नाहीत.

चाचा मुळात तापट. मी बघितले ते सुधारलेले चाचा, आधीचे मी ऐकले. हातात असेल ते भिरकावायचे. एकदा भरलेली हंडी भिरकावली म्हणे, आणि मग भूक लागली म्हणून भिंतीवरची डाळ बघत बसले. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आमच्यात नवऱ्याच्या तोंडातला एक शब्द संसार मोडतो. तो शब्द मी इथं एकदाच लिहितो, तलाक. एकदा बोलला तर मुदतीच्या आत बायकोला परत नांदवता येतं. दुसऱ्यांदा बोलला तरी येतं. तिसऱ्यांदा बोलला की खलास. मग किती रडा.

चाचा दोनदा बोलून बसले होते.

पहिल्यांदा पटक्यापायी. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या खालानं, त्यांचा ईदचा कोरा पटका न विचारता मैंदर्गीच्या आपल्या भावाला लग्नात घालायला दिला. दुसऱ्यांदा बकरीपायी. खालानं दार उघडं ठेवलं आणि बकरी घरात शिरून नमाजाच्या चटईचा कोपरा खाऊन गेली. पटका आणि बकरी! यापायी माणूस बायको घालवतो. दोन्ही वेळा घटकाभरात भानावर आले, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, मैंदर्गीला जाऊन सासऱ्याच्या दारात बसले. खाला दोन्ही वेळा परत आली. दुसऱ्यांदा मात्र ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "एकच उरलाय. ध्यानात ठेवा."

त्या दिवशी चाचा मशिदीत गेले आणि मौलवीसाहेबांपुढं हात जोडून बसले. म्हणाले, दुआ नको, कामाचं काहीतरी सांगा. मौलवीसाहेबांनी सगळ्यांना ठाऊक आहे तेच सांगितलं. राग आला तर उभा असशील तर बस. बसला असशील तर आडवा हो. राग आगीतला, आग पाण्यानं विझते, म्हणून वजू कर, नमाजाआधी धुतो तसे हातपाय तोंड धू. आपण हे ऐकतो, मान हलवतो आणि घरी येऊन भांडतो. चाचांनी ते साच्याला तेल घालावं तसं शब्दाला शब्द धरून केलं. उभे असले की बसायचे, बसले असले की आडवे व्हायचे. मग तो बाजार असो, लग्नाचा मांडव असो, न्हाव्याचं दुकान असो. न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असताना आडवे झाले होते. न्हावी वस्तरा हातात धरून उभा.

पाण्यात मात्र त्यांनी आपली अक्कल घातली. म्हणायचे, "आग जितनं भाईर पडती तितंच पाणी ठेवायचं." म्हणून सदा एक लहान तांब्या जवळ. राग आला की तोंड भरून पाणी घ्यायचे आणि धरून ठेवायचे. लोक म्हणतात ना, मिठाची गुळणी धरून बसला, तशी यांची खरीखुरी, बिनमिठाची. गाल फुगलेले, डोळे लाल, मिशीतनं थेंब गळतोय. राग उतरला की चूळ टाकून "अल्हम्दुलिल्ला" म्हणायचे आणि जिथं राहिलं होतं तिथनं बोलणं सुरू.

खालाला ही सोयच झाली. चाचांचे गाल फुगले की ती पदर खोचून समोर बसायची. "आड भरला. आता ऐका." आणि आठ दिवसांचं साचलेलं सगळं काढायची. तेल संपलं, पोरीला बांगड्या न्हाईत, तुमची बहीण मला काय बोलली. चाचा "अं अं" करत हात हलवायचे. पाणी टाकावं तर शब्दाची भीती, धरावं तर हे ऐकावं लागतंय. माझी बायको भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसायची. नवी नवरी होती, मोठ्यानं हसायची चोरी.

उठून एक फेरी मारून आलो. हं.

गिरणीतलं सांगायचं राहिलं. साचेखात्यात आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. सगळा कारभार ओठांवर. समोरच्याचे ओठ वाचायचे, हातवारे करायचे. मी एकदा चाचांना म्हटलं, "हितं तरी मोकळं ओरडून घ्या की. कुणाला ऐकू येतंय?" चाचा माझ्याकडं वळले. म्हणाले, "ऐकायला कुणी न्हाई म्हणून बोललेलं मोजत न्हाईत असं वाटतंय व्हय तुला?" तिथंही तांब्या साच्याच्या पायाशी असायचा. गाल फुगले की चाचांच्या ओठांवर वाचायला काही नसायचं, आणि अख्खं खातं काय करायचं म्हणून एकमेकांकडं बघत उभं.

तिथला विलायती साहेब एकदा कापड खराब निघालं म्हणून चाचांवर तुटून पडला. चूक दुसऱ्याची होती. चाचा खाली बसले. मग त्याच्या बुटांपुढं आडवे झाले. साहेबाला वाटलं उष्माघात. त्यानं पंखा मागवला, सोडा मागवला, चार दिवस घरी जा म्हणाला. पगारी सुट्टी चालून आली होती, दुसरा कुणी कण्हला असता. चाचा उठून बसले. "न्हाई साहेब, तब्येत बरी हाय. तुमचा राग आलाय." कारकुनानं भीत भीत इंग्रजीत सांगितलं. साहेब आधी लाल झाला, मग हसला. पुढं चाचांना बोलवायचं असलं की आधी खुर्ची मागवायचा.

सुधारणं काही एका दिवसात झालं नव्हतं. सुरुवातीला आडवे पडूनही लाथेनं पिंप पालथं करायचे. मी एकदा विचारलं, कसं काय जमलं? चाचा म्हणाले, "साचा नवा लावला की पयलं कापड वायाच जातं. तेवढं फाडून फेकायचं. साचा न्हाई फेकायचा." गल्लीच्या तोंडाशी आले की तिथनंच मोठ्यानं सलाम घालायचे, घर अजून दहा दारं लांब असताना. आम्हाला वाटायचं खालाला सांगतात, आलो म्हणून. ते स्वतःला सांगायचे, घर आलं, सांभाळ.

आता त्या रमजानचं.

उन्हाळ्यातला रमजान होता. सोलापूरचं ऊन, दगडावर ज्वारी टाकली तर लाही व्हावी. रोज्यात चूळ भरलेली चालते, घोट खाली गेला की रोजा गेला. चाचांचा स्वतःवर भरवसा नव्हता. रमजानात वजूपुरतं सोडलं तर ते तांब्याला हात लावायचे नाहीत. नुसत्या बसण्यावर आणि आडवं होण्यावर महिना काढायचे. खाला म्हणायची, माझा जीव या महिन्यात मुठीत असतो.

गिरणीला सुट्टी होती. दुपारी मैंदर्गीहून मेव्हणा आला, पटकेवाला तोच. अंगणात खाटेवर बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "दुल्हेभाई, ईद झाली की तारीख धरू. आपानं जबान दिलीच हाय."

चाचांना एकच पोरगी. ती गावातच द्यायची, रोज डोळ्यांपुढं हवी, हे त्यांचं उठता बसता चालायचं. आणि खालानं तिला परस्पर मैंदर्गीला, भावाच्या पोराला, देऊन टाकली होती. विचारलंसुद्धा नव्हतं.

चाचा आडापाशी उभे होते. खाली बसले. मग आडाच्या ओल्या फरशीवर आडवे झाले. डोळे मिटलेले, कपाळाची शीर उडतीय. मेव्हणा काय ते समजला आणि जोडे हातात घेऊन दाराकडं सरकला. मी आणि बायको आमच्या दारात.

खाला गप्प राहिली असती तर निभलं असतं. पण तिचाही रोजा होता, तिचाही घसा कोरडा.

"पोरगी माझी न्हाई का?" ती म्हणाली. "दिली जबान. माझ्या भावाच्या घरात ती काय उपाशी मरंल?"

चाचांनी डोळे उघडले नाहीत.

"दरवेळी आपलं पडायचं! बोला की. एकच उरलाय न्हवं? टाका तो पण. त्या एकाच्या धाकात भाकऱ्या थापून थापून कटाळले मी. साकू!" साकू म्हणजे पुरे. लई रागावली की खाला मैंदर्गीच्या कानडीत तुटायची.

चाचा उठून बसले. मग उभे राहिले. सगळं उलटं चाललं होतं. माझ्या बायकोनं माझा दंड धरला, तिची नखं रुतली. मी साच्यावरचा माणूस, ओठ वाचणारा. चाचांची जीभ दातांमागं जाऊन टेकलेली मला दिसली. तो शब्द तिथनंच सुरू होतो.

त्यांनी आडाच्या काठावरचा तांब्या उचलला आणि तोंड भरून पाणी घेतलं.

गाल फुगले. खाला बघत राहिली. मला वाटलं वाचलो, आता टाकतील चूळ. पण नाकातनं श्वास जोरात चालला होता, पाणी ओठांतनं बाहेर येऊ बघत होतं, आणि पाण्यामागं ते दुसरं. मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

"अजी!" खाला किंचाळली. "रोजा!"

चाचांनी तांब्या जागेवर ठेवला. मिशा पुसल्या.

"तुटला," म्हणाले. "दोनातलं एक तुटणारच हुतं."

खाला होती तिथं मटकन बसली. मेव्हणा अनवाणी तापलेल्या रस्त्यावरनं निघून गेला, जोडे घालायचं त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी चाचा मशिदीत गेले, मी बरोबर होतो. मौलवीसाहेब भला माणूस. त्यांनी वाट काढून द्यायची पराकाष्ठा केली. म्हणाले, "चूळ भरताना घोट चुकून गेला असंल. चुकून गेला तर एका रोज्याला एक रोजा भरायचा, झालं."

"चुकून न्हाई."

"ऊन किती हुतं. तहानंचा जीव, माणसाला कळत न्हाई."

"तहान नव्हती, मौलवीसाब. शब्द हुता. पाण्याबरोबर खाली ढकलला. जाणून ढकलला."

मौलवीसाहेब लई वेळ दाढीवरनं हात फिरवत राहिले. जाणूनबुजून तोडलेल्या रोज्याला दोन महिने सलग रोजे, मधे एक दिवस सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचाच आवाज बारीक झाला होता. चाचा म्हणाले, "बरं." माणूस दुकानात भाव ऐकून म्हणतो तसं.

वाटेत मी म्हटलं, "चाचा, चुकून म्हणाला असता तर कुणाला कळलं असतं?" चाचा म्हणाले, "मला एक दिस जिबेवर ताबा ठेवता आला. त्याच दिशी त्याच जिबेनं खोटं बोलू?"

ईद झाली आणि चाचांचे रोजे सुरू झाले. सारी दुनिया खातीय, पितीय, आणि हे कोरडे. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून दिवसभर वाफ सोडलेली, अंगातनं पाण्याच्या धारा. साहेबानं विचारलं, तुमचा महिना संपला ना? चाचा म्हणाले, "साहेब, हा माझा खाजगी हाय." तांब्या घरीच राहिला. दोन महिने नुसतं बसणं आणि आडवं होणं. टांगेवाले सांभाळून हाकायचे.

आमची भिंत पातळ होती. पहाटे खाला सहेरीला, रोज्याआधीच्या जेवणाचं करायला, उठायची. पहिले काही दिवस नुसता भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तिनं उठायची जरुरी नव्हती, रोजे तिचे नव्हते. माझ्या बायकोला ती म्हणाली, "त्यांनी त्यो गिळला. भाकरी गिळवायला नको व्हय मी?" मग हळूहळू बोलण्याचा आवाज यायला लागला. आधी भाजीत मीठ किती, मग पोरीचं. एका पहाटे दोघं हसली. मोठ्यानं. माझी बायको अंधारात उठून बसली आणि म्हणाली, "ऐकलं का, अजी?" मी ऐकलं होतं.

मधे एकदा चाचांना ताप भरला. खालानं पाण्याचा पेला ओठाशी नेला, म्हणाली, आजाऱ्याला माफ हाय. चाचांनी मान फिरवली. "पुन्हा पयल्यापासनं भाकऱ्या थापशील?" ती म्हणाली, "थापीन." तरी प्याले नाहीत.

बकरीदच्या आत रोजे पुरे झाले. पोरगी शेवटी मैंदर्गीलाच दिली. लग्नात मेव्हणा तोच पटका घालून आला, रंग उडालेला. चाचांनी बघितलं आणि खाली बसले. अख्खा मांडव श्वास धरून. मग चाचाच हसायला लागले. आडवं व्हायची वेळ आली नाही.

तेव्हापासून माझ्या बायकोला एक सवय लागली. मी आवाज चढवला की ती काही बोलायची नाही. उठायची, तांब्या भरून आणायची, माझ्या पुढ्यात ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. मी गुळणी कधी धरली नाही. तांब्या बघूनच अर्धा राग जायचा, उरलेला मी पिऊन टाकायचो. सारा जन्म तांब्या ठेवला तिनं. शेवटच्या दुखण्यात उठवत नव्हतं, तर बोटानं दाखवायची.

खाला चाचांच्या आधी गेली. तापानं, दोन दिवसांत. कबरीवर माती टाकून चाचा बाजूला उभे राहिले, हात रिकामे. घरनं तांब्या आणला नव्हता. मला वाटलं गडबडीत विसरले. मी माणूस पाठवतो म्हटलं. चाचा म्हणाले, "नक्को. आज रडायचं हाय. गुळणी धरून रडता येत न्हाई, बघितलंय करून." आणि रडले. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, सगळ्यांसमोर. कुणीतरी म्हणालं सबर करा. चाचा म्हणाले, "ह्योच सबर. दुसरा करून दाखव तू." बोलताना खाली बसले नाहीत. त्या दिवशी राग नव्हताच त्यात.

काही दिवसांनी गेलो तर तांब्या परत शेजारी. कुणाचीतरी पोरं आडात दगड टाकत होती आणि चाचांचे गाल फुगलेले. त्यांनी चूळ टाकल्यावर मी म्हटलं, "आता कशाला? आता तो शब्द कुणाला बोलणार?"

चाचांनी तांब्या पालथा केला, सुलटा केला. "एक शिल्लक हाय माझ्याकडं. भेटली की पयलं तेच विचारंल, त्याचं काय केलं? तसाच नेऊन दावणार." मग म्हणाले, "जा आता. चहा नको मागू, मला येत न्हाई करायला."

चाचा जाऊनही जमाना झाला. ते घर पाडलं, आड बुजवला.

आज सकाळी सुनेनं चुलीत लाकडं घातली, त्यात माझ्या बायकोची काठवट होती. चिरलेली होती, कामाची नव्हती, मला ठाऊक आहे. पण त्या लाकडात तिच्या तळव्यांनी खळगा पाडला होता. मी उभा होतो. "जावा होटगीला, निघा माझ्या घरातनं" एवढं सगळं जिभेवर आलं. पोरगा दारात, कामावर निघालेला, माझ्या तोंडाकडं बघत थांबला. आज मी ते बोललो असतो तर संध्याकाळी त्यांचं सामान टांग्यात असतं.

सून काही बोलली नाही. उठली, तांब्या भरला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

"अम्मीनं," ती म्हणाली. चुलीतनं नजर काढली नाही. "बोलायचं न्हाई म्हणाल्या, नुसता ठेवायचा."

मी उभा होतो, खाली बसलो. तांब्या उचलला आणि जन्मात पहिल्यांदा तोंड भरून गुळणी धरली. चाचा कबरीपाशी खरं सांगत होते. राहिली नाही.